बिल भाडेकरूचं, भिंत मालकाची

भाड्याच्या घरातला पंखा मालकाने निवडलेला असतो आणि तो फिरवल्याचं बिल भाडेकरू भरतो. बाहेरच्या भिंतीतली भेग मालकाची किंवा सोसायटीची असते, पण तिच्यातून आलेल्या ओलीने वाया जाणारी गादी, कपडे आणि पुस्तकं भाडेकरूची असतात. ज्याच्या हातात निर्णय त्याच्या खिशाला झळ लागत नाही, आणि ज्याला झळ लागते त्याला कोणी विचारत नाही. म्हणून ‘वीज वाचवा, खिडक्या उघड्या ठेवा’ या सरसकट सल्ल्याचा भाडेकरूला अर्धामुर्धाच उपयोग होतो. कोणती गोष्ट आपल्या हातातली, कोणती मालकाच्या आणि कोणती सोसायटीच्या, एवढं आधी वेगळं करता आलं तर बिलही आटोक्यात येतं आणि ओलीशी उगाच झुंजावं लागत नाही.

घर बघायला जाल तेव्हा

आपल्याकडे बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात आणि शाळा-कॉलेजच्या हिशेबाने घरं एप्रिल ते जूनमध्ये बदलली जातात. म्हणजे घर बघितलं जातं कडक उन्हाळ्यात आणि डिपॉझिट दिल्यावर पहिल्या पावसात भिंत रंग दाखवते. उन्हाळ्यात प्रत्येक घर कोरडंच दिसतं, त्यामुळे ओल नव्हे, तर ओलीच्या खुणा शोधायच्या.

एकाच भिंतीला, तेही खालच्या दोन-तीन फुटांनाच ताजा रंग असेल तर कारण विचारा. पीओपीच्या छतावर चहाच्या रंगाची कडी दिसतात का, बाथरूमच्या दाराची चौकट खालून फुगली आहे का, स्विचबोर्डाचे स्क्रू गंजलेत का, हे बघा. कपाटाचं दार उघडून आत डोकं घाला. कुबट वास रंगाखाली दबत नाही. बाहेरच्या भिंतीला आतून पीव्हीसीचं पॅनेल किंवा वॉलपेपर लावलेला असेल तर तो हौसेपोटी लावलाय की झाकायला, हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही. शेजारी आणि वॉचमन या बाबतीत एजंटापेक्षा खरं बोलतात.

पश्चिमेची आणि नैऋत्येची भिंत नीट बघून घ्या. मोसमी वारे त्याच बाजूने येतात, झड तिथेच बसते. त्या बाजूच्या खिडक्यांवर छज्जा नसेल तर पावसाळ्यात काय होणार हे वेगळं सांगायला नको. पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत दोन हजारांच्या वर, महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर. पुण्यात जी बारीक भेग दहा वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, ती मुंबईत आठवडाभरात भिंत भिजवते.

याच भेटीत मीटरही बघा. तो स्वतंत्र आहे का, कोणाच्या नावावर आहे, मागची बाकी किती आहे? बिलावरचा ग्राहक क्रमांक घेतला की महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर थकबाकी दिसते. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांच्याही तशा सोयी आहेत. आधीच्या माणसाने बिल बुडवलेलं असलं तरी वीज तोडायला माणूस येतो तो त्याच दारात.

करारात चार ओळी जास्त

करार एजंट तयार करतो, दोन्ही पक्ष अंगठा लावतात आणि कागद कपाटात जातो. त्यात ‘वीजबिल परवानाधारक भरेल’ एवढंच असतं. त्याखाली आणखी काही गोष्टी लिहून घ्यायला खर्च येत नाही: ताब्याच्या दिवशीचं मीटर रीडिंग, मालकाच्या उपकरणांची यादी आणि त्यांची अवस्था, गळती झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती आणि ती कोणाच्या खर्चाने, आणि ओलीने खराब झालेल्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार नाही अशी कबुली. शेवटच्या मुद्द्यावर मालक कुरकुरतात. जो फारच कुरकुरतो त्याला ती भिंत आधीपासून ओळखीची असते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. हे कलम भाडेकरूंपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

आधी मीटर ओळखा

बिल जास्त आलं की पहिला संशय फ्रिजवर किंवा घरातल्या सर्वात तरुण माणसावर जातो. मीटरला मात्र कोणी विचारत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करून फक्त दोन किलोवॅटचा गिझर चालू करा आणि एक मिनिट मोजा. दिवा शंभराच्या थोडा वर लुकलुकला पाहिजे. गिझर बंद करून एकच जुना पंखा लावला तर मिनिटाला जेमतेम चार वेळा. प्रत्येक उपकरण किती खातं हे याहून स्वस्तात कळत नाही.

आता घरातला मेन स्विच बंद करा आणि पुन्हा मीटर बघा. दिवा अजूनही लुकलुकत असेल तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कोणाचा तरी भार आहे. जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर, शेजारची खोली, काहीही असू शकतं. जुन्या वाड्यांत आणि एका घराची दोन घरं केलेल्या बंगल्यांत हे सर्रास आढळतं. अशा वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढून मालकाला पाठवा, मग बोला.

रीडिंग दर महिन्याला ठरलेल्या दिवशी आपणच टिपून ठेवावं. दार बंद होतं म्हणून रीडिंग घेता आलं नाही की सरासरीने बिल येतं आणि दोन-तीन महिन्यांनी साठलेला आकडा एकदम अंगावर पडतो. तसं झालं तर टप्प्यांचा लाभ त्या सगळ्या महिन्यांत विभागून दिला आहे की नाही, हे तपासा. दिला नसेल तर तक्रार करा. तक्रारीची पहिली पायरी कंपनीचा स्थानिक कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. वीज गेल्याची तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते.

बिल नेमकं कुठे फुगतं

बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क असतं. स्थिर आकार घर बंद असलं तरी लागतो. बाकीचं सगळं युनिटांवर चालतं, आणि युनिटांचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी शंभर युनिटांपर्यंत पहिला टप्पा, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. दर बदलत राहतात, पण अलीकडच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीच्या आसपास राहिला आहे. शंभरी ओलांडली म्हणून सगळी युनिटं महाग होतात असा एक समज आहे, तो चुकीचा. शंभराच्या पुढचीच महाग होतात.

याचे दोन परिणाम होतात. पहिला चांगला आहे: तुम्ही वाचवलेलं युनिट हे नेहमी तुमच्या सर्वात महागड्या टप्प्यातलं असतं. दुसरा भाडेकरूच्या मुळावर येणारा. दोन कुटुंबं एकाच मीटरवर असतील, प्रत्येकाचा वापर ९५ युनिटं असेल, तर वेगळे मीटर असताना दोघंही पहिल्या टप्प्यात बसली असती. एका मीटरवर मात्र १९० युनिटं दिसतात आणि त्यातली ९० दुसऱ्या टप्प्याच्या दराने लागतात. कोणी जास्त वीज जाळली नाही, तरी दोघांनाही भुर्दंड. मधे सबमीटर बसवल्याने वाटणी होते, पण टप्पा बदलत नाही.

पेइंग गेस्ट आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये मालक युनिटला एक ठोक दर सांगतो. तो कुठून आला, हे विचारायला संकोच करू नका. मूळ बिलाची प्रत मागा, एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागा, तोच दर योग्य. स्वतंत्र मीटरचा पर्याय मालकासमोर ठेवून बघा. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालकच नव्हे तर तिथे राहणारा माणूसही वीजजोडणीसाठी अर्ज करू शकतो. प्रत्यक्षात कंपनी मालकाचं संमतिपत्र मागते, त्यामुळे मालकाला पटवण्यावाचून गत्यंतर नाही. घर सोडून जाताना मीटर त्याच्याच जागेत राहणार आहे, हा मुद्दा सहसा पटतो.

पंखा सोबत नेता येतो

भाडेकरूने पैसे घालायचे ते उचलून नेता येणाऱ्या वस्तूत. या कसोटीवर पंखा पहिला बसतो. मालकाने लावलेला जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. दिवसाला पंधरा तास धरले तर जुना महिन्याला ३४ युनिटं जाळतो, नवा साडेतेरा. एका पंख्यामागे वीस युनिटं वाचतात. सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांना पडत असेल तर महिन्याला दोनशे रुपये. तीन हजारांचा पंखा सव्वा वर्षात फिटतो. तुमचा करार अकरा महिन्यांचा असला तरी पंखा तुमचा आहे; मालकाचा जुना माळ्यावर ठेवा आणि निघताना परत बसवून द्या. तो फेकू नका, करारातल्या यादीत तो आहे.

एलईडी दिव्यांचं हेच. जुनी चोकवाली ट्यूब पन्नास वॅटपर्यंत घेते, एलईडीची पट्टी वीस. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद केला तरी चालूच असतो. दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिटं. बटण भिंतीवरचं दाबायचं, रिमोटवरचं नाही.

गिझरचं गणित सोपं आहे. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं. दोन किलोवॅटचा गिझर ते काम वीस मिनिटांच्या आत करतो. त्यानंतर तो चालू ठेवला की टाकीतली उष्णता हवेत जाते आणि तो पुन्हा पुन्हा तापवत बसतो. सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरकणं हा सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि एकत्र राहणाऱ्या पोरांच्या घरात सर्वात अवघडही. बोअरचं जड पाणी असलेल्या भागात एलिमेंटवर क्षाराचा थर चढतो आणि तोच गिझर जास्त वेळ घेऊ लागतो. सफाई मालकाने करून द्यावी असं करारात असलं तर उत्तम.

फ्रिज मालकाचा असेल तर दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून बघा. सहज सुटला तर रबर गेलं आहे. नवं रबर भाडेकरूनेच बसवून घेतलेलं परवडतं, कारण फ्रिज चोवीस तास चालतो. तो ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. मागे हवा खेळली नाही तर फ्रिजही तापतो आणि भिंतही वाळत नाही.

एसीचं बिल मोठं, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी २४ अंशांवर सुरू होतात. तापमान एका अंशाने वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ब्यूरो सांगतो. २० ऐवजी २५ ठेवून सोबत पंखा लावला तर झोप सारखीच लागते. मालकाचा एसी जुना, इन्व्हर्टर नसलेला दीड टनी असेल तर रात्रभरात सात-आठ युनिटं सहज जातात, म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर, आणि ती सगळी वरच्या टप्प्यात. अशा एसीसह घराचं भाडं जास्त सांगितलं जात असेल तर घासाघीस करताना हा आकडा मांडा. लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात ती १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात, हेही लक्षात ठेवा.

ओल चार वाटांनी येते

ओलीवर उपाय करण्याआधी ती कुठून आली हे कळलं पाहिजे. उपाय प्रत्येकीचा वेगळा आहे, आणि खर्च कोणाचा हेही त्यावरच ठरतं.

पहिली पावसाची ओल. गच्चीचा कोबा फुटला, बाहेरच्या प्लास्टरला भेग गेली, खिडकीच्या चौकटीभोवतीची सांध उघडी पडली की पाणी झिरपतं. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी डाग वाढतो आणि उघडीप मिळाली की थांबतो.

दुसरी वरच्या घरातली गळती. बाथरूमच्या टाइल्समधला ग्राउट गेला, नहाणीचा ट्रॅप फुटला किंवा भिंतीतला पाइप झिरपू लागला की छताला डाग येतो. हा डाग मे महिन्यातही ओला असतो. पावसाचा आणि त्याचा संबंध नाही, एवढ्यावरून तो ओळखता येतो.

तिसरी जमिनीतून चढणारी. तळमजल्यावर, जुन्या दगडी किंवा जांभ्याच्या चिऱ्याच्या घरांत, कोकणात आणि गोव्यात हमखास. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा दिसतो, पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. या ओलीवर भाडेकरू काहीही करू शकत नाही. लोणा फडक्याने झाडायचा आणि सामान भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं, एवढंच.

चौथी घरातल्या वाफेची, आणि ही मात्र आपली स्वतःची. धुतलेले कपडे घरात वाळत घातले की मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांतूनही दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. आंघोळीची वाफ, भाताची वाफ. आणि जे कोणाच्या लक्षात येत नाही ते गॅसचं पाणी: एलपीजी जळताना वाफ तयार होते, एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलोहून थोडी जास्त. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत वीस लिटरच्या वर पाणी सोडतो. एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या वासासाठी असतो असं आपण समजतो. भात शिजताना तो बंद असतो.

चौथ्या ओलीचा डाग एका जागी नसतो. कपाटामागे, पलंगाच्या उशाशी, खोलीच्या कोपऱ्यात, जिथे हवा फिरत नाही तिथे काळे ठिपके येतात.

नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नसेल तर अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा डागाजवळच्या जागी पुसून, चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूवर पाणी जमलं तर ते हवेतलं. भिंतीकडच्या बाजूवर जमलं तर ते भिंतीतलं. त्याच वेळी डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घाला आणि दर रविवारी फोटो काढा. मालकाशी किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलताना या रेघा फार कामाला येतात.

पावसाळ्यातली खिडकी

‘ओल आली? खिडक्या उघडा’ हा सल्ला थंड देशांतून आला आहे. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा थंड असल्याने तिच्यात वाफ कमीच मावते. ती आत येऊन तापली की कोरडी होते. आपल्याकडे जुलैत बाहेरच्या हवेची आर्द्रताच नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. खिडकी उघडून घर बाहेरपेक्षा कोरडं होणार नाही. तरीही ती उघडायची, कारण आत आपण बनवलेली जास्तीची वाफ बाहेर जायला दुसरी वाट नाही. पाऊस थांबलेला असताना, समोरासमोरच्या दोन खिडक्या, पंखा चालू. धो धो पावसात आणि झडीच्या बाजूने नाही.

कपडे एकाच खोलीत वाळत घाला, त्या खोलीचं दार लावा, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि पंखा सोडा. सगळ्या घरात दोऱ्या बांधल्या की सगळं घर दमट होतं. आंघोळीनंतर बाथरूमचं दार बंद करून एक्झॉस्ट पंधरा-वीस मिनिटं चालवा. हा पंखा बाथरूमच्या गिझरच्या मानाने काहीच वीज खात नाही.

एसी असेल तर तो हवेतलं पाणी काढतो. पावसाळ्यात ‘ड्राय’ मोड त्यासाठीच आहे. पण एसी १८ वर ठेवला तर वेगळीच भानगड होते. शेजारच्या खोलीत २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २४ अंशांच्या आसपास गार झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटू लागतं. एसीच्या खोलीची सामायिक भिंत तेवढी गार होते आणि पलीकडच्या खोलीत तिच्यावर बुरशी येते. लोक मग त्या भिंतीत पाइप शोधत बसतात.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र तीन-चारशे रुपयांत मिळतं. घरातला आकडा दिवसेंदिवस सत्तरच्या वर राहत असेल तर बुरशीला पोषक वातावरण आहे असं समजा. कपाटात ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे उपयोगी पडतात, पण ते कपाटापुरतेच. कापूर आणि डांबरगोळ्या वास झाकतात, पाणी शोषत नाहीत.

बुरशी पुसताना

बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये, तिचे कण घरभर उडतात. नाकाला मास्क, हातात मोजे, पंखा बंद, आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसायचं. ब्लीच वापरत असाल तर त्यात संडास साफ करायचं ॲसिड किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नका. क्लोरिन वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी तिचा संबंध स्पष्ट मांडला आहे. घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल तर ‘पावसाळा संपला की बघू’ हे उत्तर मालकाकडून ऐकून घेऊ नका.

बुरशीवर रंग मारणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण. भिंत आतून वाळायला महिने लागतात.

ओल आणि वीज एकत्र आल्यावर

ओल्या भिंतीतल्या स्विचबोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या दिवशीच इलेक्ट्रिशियन बोलवा. यात भाडेकरूचं-मालकाचं करत बसू नये. पावसाळ्यात आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, वारंवार पडत असेल तर तो बिघडलेला नसून बहुधा त्याचं कामच करतो आहे. कुठेतरी वीज ओलीतून जमिनीकडे जाते आहे. त्याला बायपास करून देणारा कारागीर घरात घेऊ नका. घरात आरसीसीबीच नसेल तर मालकाकडे एका मागणीचा हट्ट धरायचा तो हाच.

दुरुस्ती कोणी करायची

सोसायटीत राहत असाल तर वाटणी बरीच स्पष्ट आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंतींतून येणारं पावसाचं पाणी आणि सामायिक पाइप यांची दुरुस्ती संस्थेने करायची. वरच्या घरातल्या बाथरूम, संडास, सिंकची गळती त्या-त्या सदस्याने. भाडेकरू सदस्य नसतो, म्हणून अर्ज मालकाच्या नावाने जावा लागतो. मसुदा तुम्ही लिहा, फोटो जोडा, मालकाला फक्त सही करून पाठवायला सांगा. नाही तर तो अर्ज कधीच जात नाही.

कायदाही आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने काही केलं नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश रकमेपर्यंत. कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय मालकाला भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडता येत नाही. अडचण अशी की लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत ‘भाडेकरू’ नसून ‘परवानाधारक’ असतो, आणि त्याच्या बाबतीत कराराचे शब्दच जास्त बोलतात. चार ओळी जास्त लिहून घ्या म्हटलं ते यासाठी. मुंबईत पागडीच्या उपकरप्राप्त इमारतीत राहणाऱ्यांचा मार्ग वेगळा, तो म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जातो.

दोष कोणाचा, हा वाद सगळीकडे आहे. इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांना तर पहिल्याच हिवाळ्यात ‘तुम्ही कपडे आत वाळवता, भात शिजवता म्हणून बुरशी आली’ असं घरमालकाकडून ऐकावं लागतं. रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा बुरशीच्या घरात राहून श्वसनाच्या आजाराने गेला. त्या घराच्या बाबतीतही दोष कुटुंबाच्या राहणीवर टाकला गेला होता. २०२२ मध्ये कॉरोनरच्या न्यायालयाने मृत्यूचं कारण बुरशी असल्याचं नोंदवलं. त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरांना लागू झाला. तातडीचा धोका २४ तासांत दूर करायचा आणि गंभीर ओलीची तपासणी १० कामाच्या दिवसांत करायची. आपल्याकडे असा मुदतबंद नियम नाही. कुटुंबाची राहणी आणि इमारतीचा दोष यांतला फरक इथे फॉइलच्या तुकड्याने आणि तारखा घातलेल्या फोटोंनीच दाखवावा लागतो.

आपल्याकडे दुरुस्ती रखडण्याचं एक साधं कारण आहे. गळती सापडते पावसाळ्यात आणि पक्की दुरुस्ती होते भिंत वाळल्यावर, डिसेंबर ते मे. जूनमध्ये राहायला आलेला भाडेकरू पावसात भिजतो, दिवाळीपर्यंत मालकाला फोन करतो, मग ऊन पडतं, डाग सुकतो आणि एप्रिलमध्ये करार संपतो. नवा भाडेकरू येतो तेव्हा भिंतीवर ताजा रंग असतो. म्हणून लेखी तक्रार पावसातच द्या आणि तिच्यात दुरुस्तीचा महिना ठरवून घ्या.

घर सोडताना

निघण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, त्या रीडिंगपर्यंतचं बिल चुकतं करा आणि पावती मालकाला पाठवा. पुढचं बिल यायच्या आत डिपॉझिटचा हिशेब लेखी करून घ्या. मालकाचा पंखा जागेवर लावा, आपला खोक्यात भरा. आणि घर बघायला आलेल्या नव्या भाडेकरूने एजंटाच्या पाठीमागे हळूच विचारलं की ‘पावसाळ्यात काही त्रास होतो का?’, तर त्याला ती भिंत दाखवा.